दाराआडची पेटी

डिलाईल रोडवर जयवंत घाडी कुठे राहतात म्हणून विचारलंत तर लोक डोकं खाजवतील. पेटीवाले घाडी म्हटलंत की पानवालासुद्धा बोट दाखवेल. तरुणपणी तो गिरणीत होता, संपानंतर एका छापखान्यात शिपाई म्हणून लागला आणि तिथूनच रिटायर झाला, पण त्याची खरी नोकरी चाळीच्या भजनी मंडळात. बुवा गायचे, पखवाज घुमायचा, लोक माना डोलवायचे. पेटीवाल्याकडे लक्ष जातं ते तो चुकला तरच, आणि जयवंत चुकायचा नाही. त्यामुळे आयुष्यभर त्याच्याकडे कोणी फारसं पाहिलं नाही आणि त्याचीही काही तक्रार नव्हती.

माणूस अगदी देवासारखा, असं चाळ म्हणायची. देवासारखा म्हणजे काही बोलायचा नाही. "ह्याका तोंड उघडूचा म्हटला की मुहूर्त लागता," असं त्याची आई गंगुबाई सांगायची, आणि तेही कौतुकाने.

अशा या माणसाला त्याच्या बायकोने, नलूने, गणपती गेल्यावर एका दुपारी लसूण सोलता सोलता सांगितलं, "दसरा झाला की मी गावाला जाते. भाऊ गेल्यापासून वहिनी एकटीच आहे घरात. मी तिथेच राहीन म्हणते आता."

कणकवलीच्या अलीकडे नलूचं माहेर. आठ दिवस जाऊन येणारी बाई असं सांगत नाही. 'राहीन म्हणते' याचा अर्थ जयवंतला नीट कळला, आणि तोंडातून निघालं काय, तर "बरं."

चाळीस वर्षांचा संसार उठून चालला आहे आणि नवरा म्हणतो बरं. आता याला काय म्हणावं? नलूने लसणाच्या साली सुपात गोळा केल्या आणि ती किचनमध्ये गेली. दसऱ्याच्या आत आपण काहीतरी बोललं पाहिजे, नाहीतर ही खरंच जाईल, एवढं त्याला त्या क्षणी समजलं होतं. पण बोलणं ही गोष्ट या दोघांच्या संसारात कधी नव्हतीच, आणि तसं होण्याला कारण होतं.

लग्न होऊन नलू आली ती दहा बाय बाराच्या खोलीत. खोलीत सासू, सासरा, लग्नाचा दीर, आणि गावाहून नोकरी शोधायला आलेला कोणी ना कोणी पाव्हणा. पलीकडच्या खोलीत कोणी कूस बदलली तरी अलीकडे कळायचं. अशा ठिकाणी नवरा-बायकोने दोन शब्द बोलायचे म्हणजे सगळ्या मजल्याला आमंत्रण. तेव्हा चाळीतली सगळी नवी जोडपी जे शिकायची तेच हे दोघं शिकले. खुणा करायला. नलूने हंड्यावर फुलपात्र उताणं ठेवलं म्हणजे राग आला आहे. बांगड्या कोपरापर्यंत वर चढवल्या म्हणजे सासू काहीतरी बोलली आहे. पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली म्हणजे मला सांगायचंय, ऐका. जयवंतने दाराच्या चौकटीवर बोटांनी ठेका धरला म्हणजे मी गॅलरीत जातो, तू मागून ये. गॅलरीतही शेजारीपाजारी असायचेच. मग दोघांनी कठड्याला टेकून रस्त्याकडे बघत राहायचं आणि करंगळीला करंगळी लावायची. तेवढ्यावर दिवस सुखाने जायचा.

मजल्यावर त्यांचा लौकिक मोठा. घाड्यांच्या घरात कधी भांडण ऐकलं नाही, असं बायका एकमेकींना सांगायच्या. भांडणं व्हायची, ऐकू यायची नाहीत एवढंच.

पण खुणेत एक मोठी खोट असते. ती दिसलीच नाही, असं दाखवता येतं. स्वप्नील, त्यांचा मुलगा, शाळेत जायला लागला तेव्हा मागच्या गल्लीत बालवाडी निघाली आणि तिथल्या बाईंनी नलूला शिकवायला बोलावलं. नलू मॅट्रिक झालेली, गळा गोड, मुलांमध्ये रमणारी. गंगुबाईंना मात्र सुनेने बाहेर जाणं पसंत नव्हतं. पुढचा आठवडाभर नलू पदराचं टोक बोटाला गुंडाळत जयवंतसमोर उभी राहायची. जयवंतला दिसत होतं. पण दिसलं म्हटलं की आईशी बोलणं आलं, तेही तोंडाने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्याने पेटी पुढे ओढली आणि भाता सोडला. बालवाडीत दुसरी बाई लागली. नलूने तो विषय पुन्हा काढला नाही, म्हणून हा समजला की विषय मिटला. पुरुषांचे पुष्कळ विषय असेच मिटतात.

मग घरातली माणसं एकेक करून कमी झाली. सासरा गेला, दीर विरारला राहायला गेला, गंगुबाई गेल्या, स्वप्नील लग्न होऊन डोंबिवलीला गेला. शेवटी चाळही गेली. तिच्या जागी टॉवर उभा राहिला आणि जुन्या भाडेकरूंना त्यात घरं मिळाली. हॉल, किचन, बेडरूम, आतच संडास-बाथरूम. पहिल्या दिवशी नलूने प्रत्येक खोलीत जाऊन दिवा लावून पाहिला, परत बंद केला, परत लावला. एवढ्या जागेत दोघंच. आता काय हवं ते बोला, कोणी ऐकायला नाही.

आणि बोलायची वेळ आली तर शब्दच सापडेनात. जन्मभर खुणांवर चाललेलं, आणि खूण करायला समोर माणूस लागतो. मध्ये भिंत आली की नलूचं फुलपात्र किचनमध्ये उताणंच राहायचं, ते बघायला कोणी यायचं नाही.

त्यात दाराची भानगड झाली. चाळीत दार दिवसभर सताड उघडं असायचं. कोणाचं दार लावलेलं दिसलं तर समजावं की घरात आजारपण आहे, नाहीतर भांडण, नाहीतर मयत. एरवी दार लावून बसणाऱ्याला लोक शिष्ट म्हणायचे. नव्या घरी आल्यावर नलूचं डोकं दुखायचं, रंगाचा वास डोक्यात जातो म्हणायची. जयवंतने विचार केला, बिचारीला आणखी पेटीचा त्रास नको. तो बेडरूममध्ये जाऊन दार लावून रियाज करू लागला. त्याच्या लेखी ते दार म्हणजे बायकोची काळजी. किचनमधल्या नलूला मात्र लावलेल्या दाराचा चाळीतला एकच अर्थ माहीत होता. सुरुवातीला ती चहा घेऊन दाराशी यायची आणि आत सूर चालू आहेत म्हणून तशीच उभी राहायची. मग चहा टेबलावर झाकून ठेवू लागली. मग, किचनमध्ये आहे, घ्या, एवढंच सांगू लागली. पुढे जयवंतला खोकल्याची ढास लागली, तेव्हा हिची झोपमोड नको म्हणून तो झोपूही लागला आतच, आणि ती हॉलमध्ये दिवाणावर. दोन वर्षं अशी गेली. पाहुणे येऊन म्हणायचे, तुमचं घर किती शांत आहे हो.

नलूने जाण्याचं सांगितलं त्याच आठवड्यात अनुजाचा फोन आला. अनुजा दादरची, कॉलेजात शिकवणारी. तिचा आणि तिच्या मित्रमंडळींचा एक गट ग्रंथालयाच्या सभागृहात जुने चित्रपट दाखवतो. कोणाच्या तरी घरच्या भजनात तिने जयवंतची पेटी ऐकली होती.

"काका, आम्ही एक मूकपट दाखवतोय. त्या काळी पडद्यापुढे पेटी-तबला घेऊन वाजवायला बसायचे. आम्हाला तसंच करायचंय. तुम्ही वाजवाल का?"

"गोष्ट काय आहे?" जयवंतने विचारलं.

"साधीच आहे. मुंबईतलं एक जोडपं. नवरा कारकुनाचा साहेब होतो आणि दोघं हळूहळू एकमेकांपासून लांब जातात. शेवटचं रीळ मात्र मिळालेलं नाही. बाई घर सोडून निघते, उंबरठ्यावर उभी राहते, आणि तिथेच आपल्याकडचा चित्रपट संपतो."

प्रयोग दसऱ्याच्या आधीच्या रविवारी होता. जयवंत हो म्हणाला आणि फोन ठेवता ठेवताच त्याच्या डोक्यात आलं की आपलं काम झालं. तोंडाने जमत नाही तर पेटीने सांगू. बाई उंबरठ्यावर येते तिथे असं काही वाजवू की नलूला कळेल, हे आपल्याला थांब म्हणतायत. नलूला आपलं सगळं न बोलता कळतं, यावर या माणसाचा केवढा भरवसा. अनुजाने चित्रपट मोबाइलवर पाठवला. जयवंतने मोबाइल पेटीवर टेकवून ठेवला, कुठे मोटार येते, कुठे मेजवानी आहे, कुठे नवरा रागावतो ते पाहून चाली बांधल्या, आणि शेवटच्या प्रसंगासाठी जीव ओतून एक धून बसवली. पंधरवडाभर रोज सकाळ-संध्याकाळ रियाज चालला. बायकोला थांब म्हणायची तयारी हा गृहस्थ बायकोच्या तोंडावर दार लावून करत होता.

नलूला प्रयोगाला बोलावलं तेही अनुजानेच. "काकू, नक्की या हां," असं ती फोनवर म्हणाली, म्हणून नलू आली. चांगली इरकली नेसून आली आणि पुढून दुसऱ्या रांगेत बसली.

सभागृहात पडद्याच्या डाव्या हाताला सतरंजी घातली होती. शेजारी तबल्याला मंडळातलाच दौलत. जयवंत तिरका बसला होता, त्यामुळे मान वळवली की त्याला पडदा दिसायचा आणि नुसती नजर उचलली की नलू. दिवे मालवले. पडद्यावर लग्न झालं, नवं घर झालं, दोघं चौपाटीवर फिरून आले, तशी पेटी खेळायला लागली. लोक खुर्चीत सैलावून बसले. मग नवऱ्याला बढती मिळाली, घरात फोनोग्राफ आला, मित्र आले, आणि बायको प्रत्येक प्रसंगात थोडी थोडी कडेला सरकत गेली. जयवंत चाली बदलत होता, एकही जागा चुकत नव्हता. मधूनमधून नलूकडे बघत होता. ती त्याच्याकडे बघत नव्हती. अजून वेळ आहे, त्याने मनाशी म्हटलं.

शेवटचा प्रसंग आला. नवरा आपल्या लिहायच्या खोलीत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. त्यानंतर पडद्यावर नवरा नाही. फक्त बंद दार, आणि बाहेर ताट घेऊन उभी राहिलेली ती बाई. ती दारावर थाप मारायला हात उचलते आणि खाली घेते. पुन्हा उचलते, पुन्हा घेते. मोबाइलवर ही बाई जयवंतच्या अंगठ्याएवढी होती आणि त्याचं सगळं लक्ष ती उंबरठ्याकडे कधी वळते, म्हणजे आपली धून कधी सुरू करायची, इकडे असायचं. आता न राहवून त्याने धून आधीच सुरू केली. सगळा जीव तिच्यात ओतला आणि नजर उचलून नलूकडे पाहिलं. आता तरी ही बघेल.

नलू पडद्याकडे बघत होती. तिचा उजवा हात मांडीवरून थोडा उचललेला होता, पडद्यावरच्या बाईसारखाच, आणि तो तिथेच राहिला होता. तिला पेटी ऐकूही येत नसावी.

एवढं काय बघते आहे म्हणून जयवंतने मान वळवली. समोर भिंतभर ते दार होतं. आपलं दार त्याने दोन वर्षं आतूनच पाहिलं होतं. बाहेरून ते कसं दिसतं हे त्याला आज प्रथम दिसलं. भात्यावरचा हात थांबला. दौलतने चमकून त्याच्याकडे पाहिलं आणि त्यानेही तबल्यावरून हात उचलला. सगळ्या सभागृहात काही आवाज उरला नाही. त्या शांततेत बाईने ताट टेबलावर ठेवलं, त्यावर दुसरं ताट झाकलं, डोक्यावर पदर घेतला आणि ती उंबरठ्याशी जाऊन उभी राहिली. चित्रपट तिथे तुटला. जी धून नलूसाठी बसवली होती ती अर्ध्यावरच राहिली.

टाळ्या मात्र कडकडून पडल्या. "काका, तिथे थांबलात ना, अंगावर काटा आला," अनुजा म्हणाली. चार लोक येऊन हातात हात घेऊन गेले. उभ्या आयुष्यात पेटीवाल्याचं एवढं कौतुक कधी झालं नसेल, आणि झालं ते पेटी बंद पडल्याबद्दल. जयवंत मान खाली घालून पेटीला गवसणी चढवत होता.

परतीच्या बसमध्ये पेटी पायाशी ठेवून दोघं शेजारी शेजारी बसली. परळ आलं. मग नलूने विचारलं, "वाजवायचं का थांबलात?"

अहो, यापरती संधी कुठली असते? बायकोने आपणहून तोंडाने विचारलं होतं. बसमध्ये ओळखीचं कोणी नव्हतं. सांगायचं सगळं त्याच्या ओठांवर आलं होतं, की तुझा हात दिसला मला, ते दार दिसलं, मी गाढव आहे. तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या माणसाने सहज मागे वळून पाहिलं आणि जयवंतने पायाशी ठेवलेली पेटी आणखी जवळ ओढली.

"हात आखडला," तो म्हणाला.

नलूने मान डोलावली. "ती बाई गेलीच असणार," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "राहायचं असतं तर ताट झाकलं नसतं तिने. हातातच धरून उभी राहिली असती." त्यावरही जयवंतने हुंकार भरला.

दसऱ्यानंतर स्वप्नील गाडी घेऊन आईला सोडायला आला. नलूने डाळी कुठल्या डब्यात, कोकम कुठे, गॅसवाल्याला काय सांगायचं, ते सगळं जयवंतला तोंडाने नीट सांगितलं. इतकं ती त्याच्याशी कित्येक महिन्यांत बोलली नव्हती. तो बॅग घेऊन लिफ्टने खाली सोडायला निघाला. लिफ्टमध्ये पंधराव्या मजल्यावरचे पाटकर होते, म्हणून खाली जातानाही काही बोलणं झालं नाही. पाटकरांना बिचाऱ्यांना काय माहीत.

त्यानंतरचे दिवस जयवंतने कसे काढले ते सांगण्यात अर्थ नाही. पेटी त्याने पलंगाखाली सारली. मंडळातले बोलवायला आले, तर बरं नाही म्हणून सांगितलं. सबंध दिवाळी तो एकच वाक्य मनात घोळवत होता. दिवाळी संपल्यावर एका दुपारी त्याने स्वतःहून नलूला फोन लावला. तोवर फोन नलूचाच यायचा, आणि औषध घेतलंत का, घेतलं, एवढ्यावर संपायचा.

पलीकडे नलूचा आवाज आला आणि जयवंतला एकदम उघड्यावर आल्यासारखं वाटलं. इथे ना तिचा चेहरा, ना हात, ना बांगड्या. जे काय असेल ते तोंडानेच.

"नलू, ते बेडरूमचं दार," तो म्हणाला, "मी तुझं डोकं दुखतं म्हणून लावायचो. पेटीचा त्रास होऊ नये म्हणून."

"होय?" ती म्हणाली. "मला वाटलं मी नको झाले." मग म्हणाली, "पण डोकं माझं दुखायचं महिन्याभरात थांबलं होतं. पुढे का लावलंत?"

याचं उत्तर जयवंतला माहीत होतं. दार लावलं की बाहेरचं काही दिसत नाही, आणि दिसलं नाही की काही करावं लागत नाही. बालवाडीच्या वेळेला त्याने पेटी पुढे ओढली होती, आता दार मिळालं होतं. पण हे कुठल्या शब्दांत सांगतात ते त्याला कळेना. त्याने घोळवलेलं वाक्य तेवढं म्हटलं.

"नलू, तू परत ये. मला तू हवी आहेस घरात."

म्हटलं खरं त्याने. अडुसष्टाव्या वर्षी, हॉलच्या मधोमध उभं राहून, मोठ्याने म्हटलं. आणि मग तो दिवाणावर बसला.

नलू हसली. त्या हसण्यात राग नव्हता. राग असता तर जयवंतला बरं वाटलं असतं, कारण तिचा राग काढायचा कसा ते त्याला ठाऊक होतं.

"चांगलं वाटलं ऐकून," ती म्हणाली. "खरंच वाटलं. पण काय सांगू तुम्हाला, इथे वहिनी आणि मी सकाळपासून जे बोलायला बसतो ते दिवे लागेपर्यंत. काय बोलतो विचाराल तर काहीच नाही. कोणाची गाय व्याली, कोणाची सून कशी. मला बोलायची चटक लागली हो या वयात. तिथे येऊन परत गप्प बसणं नाही जमायचं मला."

"मी बोलेन," जयवंत घाईने म्हणाला. "तू ये तर खरी. मी बोलेन तुझ्याशी."

"बोला की मग," नलू म्हणाली. "आत्ता बोला. मी काम बाजूला ठेवलंय."

जयवंतने फोन कानाशी घट्ट धरला. सांगण्यासारखं काहीतरी असेलच म्हणून त्याने चाळीस वर्षं धुंडाळली. त्या सगळ्या वर्षांत नलूने केलेल्या खुणा त्याला एकेक करून आठवत होत्या, आणि त्यातली एकही फोनवर सांगता येण्यासारखी नव्हती.

"जेवलीस?" त्याने विचारलं.

"जेवले," नलू म्हणाली, आणि पुढे तो काय बोलतो याची वाट बघत राहिली. बराच वेळ ती वाट बघत होती, तिचा श्वास त्याला ऐकू येत होता. मग आतून वहिनींनी हाक मारली, तेव्हा तिने फोन ठेवला.